इमर्शन सूट: आधी अंगाला बसवा, मग घालायला शिका

माझी उंची पाच फूट एक इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच सुरू झालं.

मी मालवणची. गेली अकरा वर्षं मालवाहू जहाजांवर आहे, सध्या सेकंड ऑफिसर. थर्ड ऑफिसर होते तेव्हा लाइफबोटी, लाइफजॅकेटं, आग विझवायचं सामान आणि इमर्शन सूट यांची देखभाल माझ्याकडे होती. बहुतेक जहाजांवर ती थर्डकडेच असते. त्या काळात शेकड्यांनी सूट पिशवीतून काढले, डेकवर पसरले, तपासले, चेनला मेण लावलं आणि परत गुंडाळून ठेवले. दरवर्षी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं आणि आता मुलीही पहिल्यांदा जहाजावर चढतात. केबिनमध्ये कपाटावर एक लाल पिशवी दिसते, तिच्यावर नंबर असतो, आणि कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत ती पिशवी कित्येकांच्या हातून नीट उघडली जात नाही. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

इमर्शन सूट म्हणजे थंड पाण्यात जीव टिकवणारा, तळव्यापासून डोक्यापर्यंत एकसंध पोशाख. बूट, हातमोजे, टोपी सगळं त्यालाच जोडलेलं. उघडा राहतो तो फक्त चेहऱ्याचा गोल. आपल्याकडे बहुतेक जहाजांवर जो असतो तो जाड निओप्रीनचा, म्हणजे फोमसारख्या रबराचा, नारिंगी किंवा लाल.

मी तो पहिल्यांदा घातला मुंबईजवळच्या एका प्रशिक्षण केंद्राच्या तलावात. तिथे एकाच मापाचे सूट होते, युनिव्हर्सल. लेबलवर उंची लिहिली होती १६० ते १९० सेंटीमीटर. मी १५५. कुणी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. घातला तेव्हा माझे तळवे बुटांपर्यंत पोचलेच नाहीत, पोटऱ्यांपाशी कापडाचा मोठा झोळ तयार झाला आणि त्या झोळात हवा भरून राहिली. फळीवरून उडी मारली आणि पाय फुग्यासारखे वर आले. पाय वर म्हणजे डोकं खाली. हात मारून सरळ व्हायला बघत होते, पण सूट वर सरकला होता आणि मी आतल्या आत खाली घसरले होते. हनुवटीखाली असायला हवी ती पट्टी डोळ्यांवर आली. दिसेना. गळ्यापाशी फट पडली आणि पाणी थेट छातीवर उतरलं. प्रशिक्षकांनी खांद्याला धरून उलटं केलं तेव्हा श्वास आला. तलावाचं पाणी कोमट होतं म्हणून त्या दिवशी निभावलं. तेच पाणी चार अंशांचं असतं तर पहिल्याच मिनिटात पाणी छातीत गेलं असतं.

त्या दिवसापासून माझं एकच म्हणणं आहे. सूट जहाजावर आहे, नंबर बरोबर आहे, तपासणीची तारीख बरोबर आहे, एवढ्याने काही होत नाही. तो तुमच्या अंगाला बसलेला पाहिजे, आणि हे कोरड्या डेकवर, दिवसाउजेडी, निवांतपणे बघून ठेवलेलं पाहिजे.

थंड पाणी नेमकं काय करतं

हे कळलं की सूटचा प्रत्येक पट्टा कशासाठी आहे ते आपोआप कळतं. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने ओढून घेतं. अतिथंड पाण्यात पडल्या पडल्या माणूस जोरात हुंदका दिल्यासारखा श्वास आत ओढतो आणि मग धापा टाकत राहतो. हा धक्का साधारण मिनिटभराचा. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. त्यानंतर दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, मग बोटं वळत नाहीत, दोरी धरता येत नाही, शिट्टी तोंडापर्यंत नेता येत नाही. शुद्ध जायला मात्र तासभर किंवा जास्त लागू शकतो. म्हणजे गारठ्याने मरण्याआधी माणूस बुडून मरतो. सूट हे तिन्ही टप्पे पुढे ढकलतो. उबदार अस्तराच्या सूटची कसोटी अशी आहे की शून्य ते दोन अंशांच्या वाहत्या पाण्यात सहा तास राहूनही शरीराच्या आतलं तापमान दोन अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये. अस्तर नसलेला पातळ सूट उबदार कपड्यांवर घालायचा असतो आणि त्याची कसोटी पाच अंशांच्या पाण्यात एक तास एवढीच आहे. आपल्याकडचा सूट यातला कोणता, हे लेबलवर असतं. ते वाचा.

१२ फेब्रुवारी १९८३ च्या पहाटे अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यापासून दूर मरीन इलेक्ट्रिक नावाचं कोळसावाहू जहाज उलटलं. पाणी साधारण चार अंश. जहाजावर ३४ माणसं होती, वाचली तीन. सूट कुणाकडेच नव्हते. त्यानंतर थंड पाण्यात जाणाऱ्या अमेरिकी जहाजांवर ते सक्तीचे झाले. बाकी जगाच्या मालवाहू जहाजांवर प्रत्येक माणसाला एक सूट हा नियम जुलै २००६ पासून लागू झाला. फक्त उष्ण भागातच फिरणाऱ्या काही जहाजांना सवलत आहे. पण जहाज आज कांडल्यात असतं आणि महिन्याने बाल्टिकमध्ये, हे आपण सगळे जाणतो. आणि पाणी कोमट असलं तरी ते शरीरापेक्षा थंडच असतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज बुडाला तेव्हा माणसं अरबी समुद्रात लाइफजॅकेटवर तासन् तास तरंगत होती. आपल्या समुद्रात गारठा येतच नाही असं समजू नका, तो उशिरा येतो.

जॉइन केल्याच्या दिवशी

सामान लावायच्या आधी पिशवी खाली काढा. सूट बाहेर काढा, जमिनीवर पूर्ण पसरा आणि लेबलवरची उंची आणि वजन वाचा. त्यात तुम्ही बसत नसाल तर त्याच दिवशी थर्ड ऑफिसरला किंवा चीफ मेटला सांगा. लाजू नका. सोलासमध्येच, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातच, लिहिलंय की सूट ‘योग्य मापाचा’ हवा. म्हणजे माप मागणं हा तुमचा हक्क आहे, नखरा नाही. बनवणारे लहान, युनिव्हर्सल आणि जादा मोठा अशी मापं देतात. लहान माप स्टोअरमध्ये पडून असतं आणि कुणी विचारलं नाही म्हणून तिथेच राहतं, हे मी दोन जहाजांवर पाहिलंय.

लेबलात बसत असाल तरी घालून बघाच. पूर्ण चेन लावून उभ्या राहा किंवा उभे राहा आणि मग खाली उकिडवं बसा. तळवे बुटात टेकले का? पायांमधला शिवणीचा भाग मांड्यांच्या निम्म्यापर्यंत लोंबत असेल तर सूट लांब आहे. मग दोन्ही हात डोक्यावर न्या. चेहऱ्याचा गोल जागेवर राहिला का, की कपाळावर सरकला? टोपीची कड कपाळाला, गालांना आणि हनुवटीखाली सगळीकडून टेकलेली हवी. बोट सहज आत जात असेल तर पाणीही जाणार. ज्यांना दाट दाढी आहे त्यांनी इथे जास्त लक्ष द्या, केसांमधून पाणी झिरपतं. माझ्या लांब केसांचा आंबाडा घातला की टोपी मागून उचलली जाते आणि हनुवटीपाशी फट पडते, म्हणून मी सैल वेणी घालून ती पाठीवर सोडते.

धिप्पाड माणसाची गोष्ट उलटी. आमच्या एका जहाजावरचा चीफ कुक सव्वासहा फूट, खांदे दारात मावायचे नाहीत. त्याला युनिव्हर्सलची चेन गळ्यापर्यंत आणताच येईना. दोघांनी ओढली तर आली. पण सूट कुणाच्या मदतीशिवाय दोन मिनिटांत अंगावर चढला पाहिजे, हा नियम आहे. दोघं लागतात म्हणजे तो त्याचा सूट नव्हेच. जादा मोठा मागवला, तीन बंदरं मागे लागून.

पट्टे कशासाठी असतात

बऱ्याच सूटना घोट्यापाशी, कधी पोटरीपाशी, मनगटापाशी आणि कमरेला पट्टे असतात. लोक ते शोभेचे समजतात. मध्यम बांध्याच्या माणसाला ते न ओढताही चालून जातं, पण बुटक्या किंवा बारीक माणसाचा जीव त्या पट्ट्यांवर आहे.

मी कसं करते ते सांगते. आधी जाड लोकरी मोज्यांची एक जोडी घालते, म्हणजे बुटात पाय खुळखुळत नाही. पाय आत घातले की दोन्ही हातांनी पायाचं कापड वर ओढते, अगदी परकर वर खोचतो तसं, म्हणजे जादाची लांबी घोट्यापाशी न साठता वर येते. मग घोट्याचा पट्टा आवळते. बोट आत जाणार नाही इतका, पण पाय बधिर होणार नाही इतपत. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पट्टा आवळला आणि मग वर ओढलं तर झोळ पट्ट्याच्या खालीच अडकतो आणि हवा तिथेच कोंडते. नंतर कमरेचा पट्टा: त्याच्या वर धडाचं जादाचं कापड थोडं आत दाबून घेते, म्हणजे पाण्यात सूट वर सरकत नाही. मनगटाचे पट्टे शेवटी, दातांनी ओढून.

हे नीट जमलंय का ते बघायची एक युक्ती मला एका जुन्या बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, शिकवली. प्रशिक्षणाच्या तलावात जायची संधी मिळाली की सूटच्या आत वर्तमानपत्राचे हातभर पट्टे ठेवायचे. एक छातीवर, एक पाठीला, एकेक पायात. दहा मिनिटं तरंगायचं, बाहेर येऊन पट्टे काढायचे. कोणता भिजला त्यावरून पाणी कुठून आलं ते कळतं. छातीवरचा भिजला तर हनुवटीची पट्टी नीट बसली नव्हती. पायातला भिजला आणि छातीवरचा कोरडा असेल तर शिवण फाटलीय किंवा बुटाचा जोड सुटलाय. माझा पहिल्या खेपेला छातीवरचा लगद्यासारखा हातात आला. पट्टे आवळून दुसऱ्यांदा उतरले तेव्हा चारही कोरडे निघाले. वरच्या कोपऱ्यातलं राशिभविष्यसुद्धा वाचता येत होतं.

घालायची रीत

सात आखूड आणि एक लांब भोंगा, म्हणजे जहाजावरचा धोक्याचा इशारा, ऐकला की डोकं चालत नाही, हातांना सवय असेल तेच होतं. म्हणून क्रम पाठ हवा.

अंगावर आधी गरम कपडे. खिशातून पेन, चाव्या, पाना काढून टाका, बोटातली अंगठी आणि गळ्यातलं काढा. मंगळसूत्र काढायला मन होत नाही हे मला ठाऊक आहे, पण ते निओप्रीन फाडतं आणि चेनच्या दातात अडकतं. मी ड्रिलच्या दिवशी ते कपाटात ठेवून जाते. बूट ठेवायचे की काढायचे हे सूटप्रमाणे बदलतं, लेबलवर चित्र असतं.

सूट पसरून त्यावर बसा. उभ्याने घालू नका, हलत्या जहाजावर पडाल. पायांवर आधी प्लास्टिकची पिशवी चढवा, गॅलीतली, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातली, कचऱ्याची चालते, म्हणजे पाय निओप्रीनवर न अडकता सरकन आत जातो. अशा दोन पिशव्या घडी करून मी सूटच्या पिशवीतच ठेवते. पाय आत गेले की घोट्याचे पट्टे. मग गुडघ्यांवर या. आधी ज्या हाताने तुम्ही कमी कामं करता तो हात बाहीत घाला, मोकळ्या हाताने टोपी डोक्यावर ओढा, आणि कामाचा हात शेवटी. बहुतेक जण दोन्ही हात घालून मग टोपी ओढायला जातात, आणि त्या जाड मोज्यांत ती धरताच येत नाही. टोपीच्या आधी दोन्ही हात घालायचे नाहीत, एवढं एक लक्षात ठेवा.

आता मान मागे टाका, पाठ थोडी ताणा, चेनला बांधलेली दोरी धरून एका ओढीत वर. पूर्ण वर जायच्या आधी थांबा आणि खोल उकिडवं बसा. पायांतली, धडातली हवा गळ्यातून फुस्स करून बाहेर पडते. हे केलं असतं तर तलावात माझे पाय वर आले नसते. मग चेन शेवटपर्यंत, आणि तोंडावरची पट्टी लावून टाका.

काही सूट स्वतःच पुरेसे तरंगतात, काहींवर लाइफजॅकेट घालावंच लागतं. तेही लेबलवर असतं. घालायचं असेल तर सूटच्या वरून.

माझा पहिला वेळ होता तीन मिनिटं चाळीस सेकंद. आठवडाभर रोज जेवणानंतर केबिनमध्ये एकदा घातला आणि दीड मिनिटाच्या आत आले. सराव करताना एकदा दिवे बंद करूनही घाला, कारण खरी वेळ आली की वीज गेलेली असण्याचीच शक्यता जास्त. आणि मोजे चढवलेल्या हातांनी शिट्टी तोंडात धरून बघा, दिव्याचं बटण दाबून बघा, सोबत्याला जोडायच्या दोरीचा आकडा लावून बघा.

एक गोष्ट ड्रिलमध्ये सहसा कुणी करत नाही. सूट घालून तुमच्या लाइफबोटीच्या सीटवर बसा आणि पट्टा लागतो का ते बघा. विशेषतः फ्री-फॉल बोट असेल तर, म्हणजे माणसांसकट उंचावरून थेट पाण्यात सोडतात ती. सूटमुळे माणूस जाडा होतो, पट्टा अपुरा पडतो, आणि पट्ट्याविना त्या बोटीतून खाली पडणं म्हणजे मान मोडून घेणं. बंद बोटीत सूटमध्ये घामाने जीव कासावीस होतो तो वेगळाच, तिथे कॅप्टनच्या सांगण्याप्रमाणे चेन उघडायची.

पाण्यात जायची वेळ आलीच तर शक्यतो शिडीने, हळूहळू. उडी मारावीच लागली तर आधी खाली बघून घ्या, एका हाताने नाक-तोंड झाका, दुसऱ्याने तोच कोपर धरा, पाय जुळवा, नजर समोर ठेवा आणि पाऊल पुढे टाका. सूट साडेचार मीटरवरून उडी मारून तपासलेला असतो, त्याहून उंचावरून मारू नका. पाण्यात पाठीवर राहा, हात मारत पाठीमागच्या दिशेने पोहा. एकटे असाल तर गुडघे छातीशी घ्या. दोघं-तिघं असाल तर एकमेकांना दोरीने जोडून घ्या. वरून शोधणाऱ्याला एक डोकं दिसत नाही, नारिंगी पुंजका दिसतो.

पाणबुडीतल्या सूटकडून शिकलेलं

माझा चुलतभाऊ नौदलात पाणबुडीवर होता, आता गावी आंब्याची कलमं बघतो. कामाबद्दल तो कधीच बोलत नाही. तलावातला प्रकार मी त्याला सांगितला तेव्हा मात्र एवढंच म्हणाला, “अगो, आमच्याकडे सूट आधी बसतोय काय ता बघतत, मगे पाण्यात सोडतत.” तेव्हापासून पाणबुडीतून सुटकेच्या सूटबद्दल जे उघडपणे छापलेलं मिळतं ते मी वाचत आलेय.

त्यांचा प्रश्न आपल्यापेक्षा कठीण. आपण पाण्याच्या वरून पाण्यात जातो, ते पाण्याखालून वर येतात. १२ जानेवारी १९५० ला ब्रिटिश पाणबुडी ट्रुक्युलंट टेम्स नदीच्या मुखाशी एका स्वीडिश जहाजाला धडकून बुडाली. ६४ जण गेले. त्यातले बहुतेक पाणबुडीतून वर आले होते! सुटकेचं शिक्षण कामी आलं होतं. पण बाहेर जानेवारीचं पाणी आणि ओहोटीचा ओढा, अंगावर थंडीपासून काहीच नाही. पाण्याखालून वर येणं आणि वर आल्यावर जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रात्री कळलं आणि सुटकेची सामग्री थंडीचा विचार करून बनवायची गरज ठळक झाली.

आजचा तो सूट पूर्ण अंगाचा असतो, डोक्यावर पारदर्शक खिडकीची टोपी. माणूस सुटकेच्या अरुंद खोलीत उभा राहतो आणि सूटची नळी भिंतीवरच्या हवेच्या तोटीत खुपसतो. टोपीत हवा भरते. खोलीत पाणी आणि दाब झपाट्याने वाढतो, झाकण उघडतं आणि तो सेकंदाला दोन-तीन मीटरच्या वेगाने वर जातो, टोपीतल्या हवेत नेहमीसारखा श्वास घेत. जुन्या पद्धतीत वर येताना सतत श्वास सोडत राहावं लागायचं, कारण दाब कमी होतो तशी फुफ्फुसातली हवा फुगते. १८० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या एकोणीस पट असतो, तिथे घेतलेला श्वास रोखून धरला तर वर येईतो फुफ्फुस फाटतं. हे सूट साधारण १८३ मीटरपर्यंतसाठी बनवलेले आहेत. वर आल्यावर सूटचं अस्तर वायूने फुगवून ऊब मिळते, आणि सोबत एका माणसापुरता फुगणारा तराफा असतो.

आता यात मापाचं काय? सैल कापड त्या अरुंद तोंडात अडकता कामा नये. टोपीची खिडकी डोळ्यांसमोरच यायला हवी. पायांत जादा हवा कोंडली तर वर जाताना शरीर सरळ राहायचं नाही. आणि पाणबुडीत प्रत्येकाच्या मापाचा सूट प्रत्येक टोकाला ठेवायला जागा कुठली, अपघातात कोण कुठल्या बाजूला अडकेल तेही आधी सांगता येत नाही. म्हणजे हाताला लागेल तो सूट पाच फुटी माणसालाही बसला पाहिजे आणि सहा फुटीलाही. लांबी आवरायची सोय सूटमध्येच लागते. माझ्या घोट्याचा पट्टा आणि त्यांच्या सूटमधले पट्टे एकाच कामाचे.

आपल्या नौदलाने १३ सप्टेंबर २०२४ ला विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहनवर ‘विनेत्र’ नावाची सुटकेच्या सरावाची सोय सुरू केली. कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांवरच्या माणसांसाठी, त्याच पाणबुड्या ज्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. तिथे पाच मीटरचा मनोरा आहे आणि त्याला लागून पाण्याचं कुंड. कोरड्या जमिनीवर, शांतपणे, पुन्हा पुन्हा करून बघायचं, तेच मी वर सांगत होते.

सांभाळणं

चेन हाच सूटचा नाजूक भाग. दर महिन्याला तपासताना ती पूर्ण उघडून पूर्ण लावायची, आणि दातांवर मेण किंवा सूटवाल्याने सांगितलेला पदार्थ चोळायचा. ग्रीस नको, तेल नको, त्याने निओप्रीनचा चिकटा सुटतो. एका जहाजावर मी नवीन असताना चेन निम्म्यावर अडकली. खाऱ्या पाण्यात वापरून तशीच गुंडाळलेली, दात हिरवे पडलेले. पकडीने ओढायचा मोह झाला होता. तसं करू नका, एक दात वाकला की सूट गेला. गोड्या पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने घासून, मेण लावून दोन दिवसांनी ती सुटली.

वापरल्यावर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, आधी उलटा करून सावलीत वाळवा, मग सुलटा. उन्हात नाही. शिवणी बोटांनी चाचपत जा, विशेषतः काखेत, दोन पायांमध्ये आणि मोज्यांच्या जोडापाशी. चमकदार पट्ट्या निघाल्यात का, शिट्टी वाजते का, दिव्याची तारीख कधीची, हे त्याच वेळी. तीन वर्षांतून किमान एकदा हवेच्या दाबाने चाचणी व्हायला हवी, दहा वर्षांवरच्या सूटची त्याहून लवकर लवकर. हवा भरून शिवणींवर साबणाचं पाणी लावतात, जिथे बुडबुडे येतात तिथे गळती.

गुंडाळताना चेन पूर्ण उघडी ठेवा, पायांकडून डोक्याकडे सैल गुंडाळा, हात वरून दुमडा. चेनला घडी पडू देऊ नका. पिशवी हात पोचेल अशा जागी, हीटरपासून लांब.

आणि साइन ऑफ होताना हँडओव्हरमध्ये सूटचीही एक ओळ लिहा. माझ्या मागच्या जहाजावरची अशी आहे: सेकंड ऑफिसरच्या केबिनमधला सूट लहान मापाचा आहे, उंची १६० सेंटीमीटरपर्यंतच. येणारा उंच असेल तर पहिल्याच दिवशी पिशवी बदलून घ्यावी, युनिव्हर्सल स्टारबोर्ड (उजव्या) बाजूच्या स्टोअरमध्ये डावीकडच्या दुसऱ्या फळीवर आहे. प्लास्टिकच्या दोन पिशव्या आत ठेवल्या आहेत.